अ‍ॅना ओ.च्या गोष्टीतले गाळलेले पान

पदव्युत्तर वर्गाला मनोविश्लेषणात्मक समीक्षा शिकवताना आम्ही एक गोष्ट वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. व्हिएन्नातील एका सुखवस्तू घरातील तरुणी आजारी पडते. तिचा हात लुळा पडतो, दृष्टी अधू होते, मातृभाषा तिला सोडून जाते. डॉक्टर संध्याकाळी येऊन तिच्यापाशी बसतात, ती बोलते, आणि एखादे लक्षण प्रथम जिथे उद्भवले त्या क्षणापर्यंत बोलत बोलत पोहोचली की ते लक्षण नाहीसे होते. अशी एकेक लक्षणे बोलून संपतात आणि ती बरी होते. गोष्ट सांगायला सोपी, ऐकायला गोड, आणि वाङ्मयाच्या लोकांना तर फारच सोयीची. शब्दांनी माणूस सावरतो, या श्रद्धेवरच आमचा व्यवसाय उभा आहे.

मागे एकदा तास संपल्यावर एका विद्यार्थिनीने आमच्यापैकी एकीला विचारले, "मॅडम, पुढे काय झालं तिचं?" "बरी झाली की," असे उत्तर दिले गेले. मुलगी मान हलवून निघून गेली. ते उत्तर चुकीचे होते हे आम्हांला बऱ्याच उशिरा कळले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती होय. मात्र दुरुस्ती करू गेलो तेव्हा ती त्या एका तरुणीपुरती राहिली नाही. स्त्रिया, त्यांच्या मनावर झालेले आघात आणि त्यांना जडलेली व्यसने या तिन्हींचा एकत्र विचार करायला वैद्यकाला शंभर वर्षे का लागली, या प्रश्नाशी ती जाऊन भिडली.

आधी छापलेली गोष्ट पाहू. योझेफ ब्रॉयर आणि सिग्मंड फ्रॉइड यांचा उन्मादावरील, म्हणजे हिस्टेरियावरील, ग्रंथ १८९५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील पहिली रुग्णकथा ब्रॉयर यांनी लिहिलेली, 'फ्रॉइलाइन अ‍ॅना ओ.' या नावाने. १८८० च्या उन्हाळ्यात वडील अंथरुणाला खिळले, एकवीस वर्षांची मुलगी रात्र रात्र त्यांच्या उशाशी बसू लागली. अशाच एका रात्री तिला भिंतीतून साप येताना दिसला. खुर्चीच्या पाठीवर टाकलेला उजवा हात बधिर झाला होता, तो उचलता येईना. प्रार्थना करावी तर शब्द आठवेनात. आठवल्या त्या कुठल्याशा इंग्रजी बालगीताच्या ओळी. पुढे कित्येक महिने ती इंग्रजीतच बोलत राहिली. त्या संध्याकाळच्या बोलण्याला तिनेच नाव दिले, 'बोलण्याचा उपचार'. थट्टेत त्यालाच ती 'धुराडे झाडणे' म्हणे. एप्रिल १८८१ मध्ये वडील वारले. उपचार संपवण्याचा दिवस तिनेच ठरवला, ७ जून १८८२. त्या दिवशी तिने आपल्या खोलीची मांडणी वडिलांच्या आजारपणातल्या खोलीसारखी केली, सापाचा तो प्रसंग पुन्हा जगली, आणि जर्मन बोलू लागली. तोल पूर्ण सावरायला त्यानंतर काही काळ गेला, पण आता तिची प्रकृती उत्तम आहे, अशी ब्रॉयर यांची ग्वाही. पडदा.

नाटकाचा शेवट म्हणून हे निर्दोष आहे. शंका यायला हवी होती ती नेमकी इथेच.

अ‍ॅना ओ. म्हणजे कोण, हे १९५३ साली अर्नेस्ट जोन्स यांनी फ्रॉइडचरित्राच्या पहिल्या खंडात उघड केले. बेर्टा पापेनहाइम, जन्म १८५९. (तिच्या नावाची आद्याक्षरे वर्णमालेत एकेक घर मागे सरकवली की 'अ' आणि 'ओ' मिळतात, हे कोडे विद्यार्थ्यांना फार आवडते.) त्यानंतर वैद्यकाच्या इतिहासाचे अभ्यासक आंरी एलेनबर्गर यांच्या हाती तिचे एक छायाचित्र आले. घोडेस्वारीच्या वेशातली, अंगाने भरलेली, आजाराची खूणही नसलेली तरुणी, वर्ष १८८२. छायाचित्रावरची पुसट खूण खास प्रकाशात तपासली तेव्हा गावाचे नाव उमटले, कोन्स्टान्झ. व्हिएन्नात अत्यवस्थ असायला हवी ती मुलगी स्वित्झर्लंडच्या सीमेवरील या गावी काय करत होती? कोन्स्टान्झला लागूनच क्रॉयत्सलिंगेन आहे, आणि तिथे बिन्सवांगर घराण्याचे 'बेलव्ह्यू' हे प्रसिद्ध आरोग्यधाम होते. एलेनबर्गर यांनी तिथले दप्तर धुंडाळले आणि ब्रॉयर यांच्याच हातच्या अहवालाची प्रत त्यांना सापडली. १९७२ साली त्यांनी हे सारे प्रसिद्ध केले.

बेर्टा १२ जुलै १८८२ रोजी, म्हणजे 'बरी झाल्याला' जेमतेम पाच आठवडे होताच, बेलव्ह्यूत दाखल झाली होती. २९ ऑक्टोबरपर्यंत ती तिथे होती. चेहऱ्याच्या एका बाजूला असह्य कळा येत, त्यांवर तिला मॉर्फीनची इंजेक्शने दिली जात होती. झोपेसाठी क्लोरल होतेच. आता मॉर्फीन सुटत नव्हते. ते कमी करण्याचे प्रयत्न तिथे झाले, पण बाहेर पडतानाही ती त्यातून मोकळी झालेली नव्हती. पुढे १८८३ ते १८८७ या काळात तिला इन्त्सर्सडॉर्फच्या आरोग्यधामात तीनदा राहावे लागले. क्लोरलचा उल्लेख छापील रुग्णकथेत आहे. मॉर्फीन तेवढे गळाले, आणि त्याबरोबर हे सगळे मुक्कामही. ब्रॉयर यांना हे ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय नाही. १८८३ साली फ्रॉइड यांनी आपल्या वाग्दत्त वधूला लिहिलेल्या पत्रात, ब्रॉयर या मुलीच्या यातना पाहून तिच्या सुटकेसाठी मरणाचीच इच्छा करतात, अशा आशयाचा मजकूर आहे. बारा वर्षांनी तीच मुलगी ग्रंथात बरी झालेली आहे.

यावरून ब्रॉयर यांना खोटारडे ठरवणारे लेखन पुष्कळ झाले आहे. आम्हांला त्यात फारसे स्वारस्य नाही. रोग्याची कथा लिहिणाराही कथाकारच असतो, आणि कथाकार शेवटाच्या दिशेने पाहून साहित्य निवडतो. मॉर्फीन त्या शेवटात बसत नव्हते. शिवाय मॉर्फीनचे व्यसन ही तोवर स्वतंत्र व्याधी मानली गेली होती. बर्लिनच्या एडुआर्ड लेव्हिनश्टाइन यांचा तिच्यावरचा ग्रंथ १८७७ सालचा. त्यांचा उपाय म्हणजे औषध एकदम तोडून रोग्याला राखणीतल्या खोलीत ठेवणे. म्हणजे उन्मादाला एक दप्तर आणि व्यसनाला दुसरे. एका दप्तरात ऐकून घेणारा डॉक्टर, दुसऱ्यात कुलूप. बेर्टा पापेनहाइम ही दोन्ही दप्तरांत होती, पण ग्रंथात एकच आले.

याउलट आजच्या काही लेखकांना तिच्या आयुष्यात दडलेला एखादा अत्याचार शोधण्याची घाई झालेली दिसते. त्याला कागदोपत्री आधार नाही. आधार आहे तो इतकाच: एक थोरली बहीण सतराव्या वर्षी गेली, वडील डोळ्यांदेखत झिजत गेले, आणि तल्लख बुद्धीच्या मुलीला सनातनी घरात भरतकामाखेरीज काम नव्हते. एवढे पुरेसे नाही का?

अत्याचाराचा प्रश्न मात्र त्याच शहरात, त्याच दशकात उभा राहिला. २१ एप्रिल १८९६ रोजी व्हिएन्नाच्या वैद्यकीय मंडळापुढे फ्रॉइड यांनी अठरा रुग्णांच्या आधारे प्रतिपादन केले की उन्मादाच्या मुळाशी बालपणी झालेला लैंगिक अत्याचार असतो. अध्यक्षस्थानी असलेल्या क्राफ्ट-एबिंग यांनी त्याला शास्त्रीय परीकथा म्हटले. १८९७ च्या सप्टेंबरात फ्रॉइड यांनी मित्राला पत्राने कळवले की आपला त्या सिद्धांतावर विश्वास उरलेला नाही. ही माघार भीतीपोटी की प्रामाणिक शंकेपोटी, हा वाद संपलेला नाही. परिणाम मात्र एकच झाला. पुढची सत्तरएक वर्षे, स्त्री जे सांगते ते तिच्या इच्छेचे स्वप्न असावे, असा संशय घेऊनच ते ऐकले गेले.

दरम्यान आघाताचा अभ्यास बायकांकडून पुरुषांकडे, घरातून रणांगणाकडे गेला. १९१५ साली चार्ल्स मायर्स यांनी 'शेल शॉक'वर लिहिले, १९४१ साली अ‍ॅब्रम कार्डिनर यांनी युद्धजन्य मनोविकारांवर ग्रंथ लिहिला. व्यसनाचा अभ्यास तिसऱ्याच वाटेने गेला. तिथला नमुना-रुग्णही पुरुषच. वास्तविक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या अफूवर्गीय औषधांच्या व्यसनींत बायकाच अधिक होत्या, असे डेव्हिड कोर्टराइट यांच्यासारख्या इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. पाळीचे दुखणे, बाळंतपण, निद्रानाश, 'नसांचा' त्रास. प्रत्येकावर डॉक्टरांच्या हातचे मॉर्फीन. म्हणजे व्यसन जडले ते दवाखान्यात, आणि त्याची लाज तेवढी घरी आली.

हे एका नाटककाराला दिसले होते. यूजीन ओ'नील यांनी १९४१ साली पूर्ण केलेले 'लाँग डेज जर्नी इनटू नाइट' हे नाटक १९५६ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, रंगभूमीवर आले. त्यातील मेरी टायरोन ही मॉर्फीनच्या आहारी गेलेली आई. धाकट्याच्या बाळंतपणानंतर स्वस्तातल्या डॉक्टराने दिलेले औषध, त्याआधी गोवराने गेलेले तान्हे मूल, त्या मृत्यूचा स्वतःवर घेतलेला दोष, आणि आता धाकट्याला क्षय झाल्याची भीती. ती वरच्या मजल्यावरच्या खोलीत जाते ती या सगळ्यापासून दूर जायला. खाली बसलेले तिन्ही पुरुष तिच्यावर पाळत ठेवतात, तिच्यावर रागावतात, आणि स्वतः व्हिस्की पितात. हे नाटक आम्ही अनेकदा शिकवले आहे. 'शोकात्म नियती' वगैरे शब्द वापरून शिकवले आहे. त्या तीन पेल्यांवर आमचा एक तासही कधी खर्च झाला नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

विसाव्या शतकाच्या मध्यावर व्यसनाधीन स्त्रीला मदत हवी असेल तर ती कुठे जाणार? अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सुरुवात १९३५ सालची. मार्टी मान यांच्यासारख्या स्त्रिया तिथे लवकर आल्या आणि सावरल्या, हे मान्य केलेच पाहिजे. पण तिथली पहिली पायरी म्हणजे आपल्या हतबलतेची कबुली. ज्या पुरुषाच्या अंगात आपण काहीही करू शकतो हा दर्प आहे, त्याला ती औषधासारखी लागू पडते. जिला लहानपणापासून हतबलच करून ठेवले आहे, तिला ती वेगळी ऐकू येते. समाजशास्त्र शिकलेल्या आणि स्वतः दारूशी झगडलेल्या जीन कर्कपॅट्रिक यांनी १९७५ च्या सुमारास 'विमेन फॉर सोब्रायटी' काढली ती याच जाणिवेतून. (त्याच काळातल्या राजदूत कर्कपॅट्रिक निराळ्या.) दुसरे टोक कॅलिफोर्नियातील 'सिनॅनॉन'चे. चार्ल्स डेडरिक यांनी १९५८ साली सुरू केलेल्या या वसाहतीत 'गेम' नावाचा प्रकार चाले. मंडळी गोल करून बसत आणि एकाला मध्ये घेऊन ओरडून, शिव्या देऊन त्याचे 'खोटे कवच' फोडत. शिक्षा म्हणून डोके भादरण्याचीही पद्धत होती. सिनॅनॉन पुढे बदनाम होऊन १९९१ साली बंद पडली, तरी अंगावर धावून जाण्याची तिची रीत अनेक व्यसनमुक्ती केंद्रांनी उचलली. केशवपनाचा इतिहास ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला, मार खाऊन आलेल्या बाईवर चारचौघांत ओरडणे आणि तिचे केस उतरवणे याला 'उपचार' म्हणता येईल का, हे निराळे सांगायला नको.

बदलाची सुरुवात दवाखान्याबाहेर झाली. सत्तरीच्या दशकात बायका एकमेकींच्या बैठकीच्या खोल्यांत जमून बोलू लागल्या. १९७४ साली बॉस्टनमध्ये अ‍ॅन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम यांनी रुग्णालयात येणाऱ्या बलात्कारितांच्या लक्षणांची नोंद करून तिचा निबंध प्रसिद्ध केला. दचकणे, दुःस्वप्ने, आठवणींचे अकस्मात हल्ले. ही लक्षणे युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या लक्षणांशी मिळतीजुळती होती. १९८० साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानसूचीच्या तिसऱ्या आवृत्तीत आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पीटीएसडी, दाखल केला. तो प्रामुख्याने व्हिएतनामच्या सैनिकांच्या चळवळीचा विजय होता. व्याख्येत एक अट होती: घटना सामान्य मानवी अनुभवाच्या पलीकडची असली पाहिजे. घरातली मारहाण, नात्यातल्या पुरुषाने केलेला अत्याचार या गोष्टी मग कुठे बसवायच्या? त्या तर दुर्दैवाने फारच सामान्य. मानसशास्त्रज्ञ लॉरा ब्राउन यांनी १९९१ साली नेमके यावर बोट ठेवले. १९९४ च्या आवृत्तीतून ती अट गेली.

तरीही दप्तरे दोनच राहिली. मानसोपचाराच्या दारात सांगत, आधी दारू सोडून या, मग भूतकाळाचे पाहू. व्यसनमुक्तीच्या दारात सांगत, भूतकाळ उकरू नका, त्या सबबी आहेत, आधी सोडा. दोन्ही सल्ले कागदावर शहाणपणाचे. पण जी रात्री झोप लागावी म्हणून पिते, तिने प्यायचे सोडले की पहिली परत येते ती ती रात्रच. मग ती पुन्हा पिते, आणि दोन्ही दारांत 'सहकार्य न करणारी' म्हणून तिची नोंद होते. सॅन डिएगोचे डॉक्टर व्हिन्सेंट फेलिटी यांना हे कोडे लठ्ठपणाच्या दवाखान्यात भेटले होते. वजन उतरू लागलेले रुग्णच उपचार अर्धवट सोडून जात. चौकशी केली तेव्हा अनेकांच्या बालपणात अत्याचार निघाला, आणि शरीराचा विस्तार ही काहींसाठी संरक्षक भिंत होती. पुढे रॉबर्ट अँडा यांच्यासह त्यांनी केलेली पाहणी १९९८ साली प्रसिद्ध झाली. ९,५०८ प्रौढांच्या उत्तरांतून असे दिसले की बालपणी चार किंवा अधिक प्रकारची होरपळ सोसलेल्यांत दारू, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पटींनी अधिक होता. ज्याला आपण दोष म्हणतो तो कोणा एकीचा जगण्याचा तोडगा असू शकतो, हे इथे आकड्यांत उतरले.

या इतिहासातला कळीचा ग्रंथ ज्युडिथ हर्मन यांचा, १९९२ सालचा 'ट्रॉमा अँड रिकव्हरी'. हर्मन बॉस्टन परिसरातल्या मनोविकारतज्ज्ञ. १९८१ साली त्यांनी वडिलांकडून मुलींवर होणाऱ्या अत्याचारांवर पुस्तक लिहिले होते. १९९२ च्या ग्रंथाची सुरुवातच त्या व्हिएन्नातल्या उन्मादाच्या इतिहासापासून करतात, आणि सावरण्याच्या तीन अवस्था मांडतात: सुरक्षितता, मग स्मरण आणि शोक, मग जगाशी पुन्हा नाते. क्रम महत्त्वाचा आहे. सांगणे दुसऱ्या क्रमांकावर आहे. जिला आज रात्री कुठे निजायचे ते ठाऊक नाही, जिचे शरीर मद्याच्या किंवा सुईच्या ताब्यात आहे, तिच्याकडून आधी कथा मागू नका. वाङ्मयाच्या शिक्षकांना हे पचायला जड आहे. आम्ही तर कथा मागणारेच लोक. बायकांची आत्मचरित्रे वाचताना 'इथे लेखिकेने हात आखडता घेतला आहे' असा शेरा आम्ही किती सहज मारतो.

लिसा नाजावित्स यांनी नव्वदीच्या दशकात घडवलेली आणि २००२ साली पुस्तकरूपाने आलेली 'सीकिंग सेफ्टी' ही पद्धत हर्मन यांच्या पहिल्या पायरीवरच उभी आहे. पंचवीस विषय, आणि प्रत्येकाचा रोख आजच्या दिवसाकडे: मदत कशी मागावी, सीमा कशा आखाव्यात, रागाचे काय करावे. बैठकीच्या आरंभी प्रत्येकीने सांगायचे की मागच्या भेटीनंतर काय निभावले, काय निसटले, काही घेतले का. मग एखादे वचन मोठ्याने वाचायचे. आठवणींची लाट आली तर खोलीतल्या वस्तूंची नावे घ्यायची, पाय जमिनीला टेकवून ती जमीन जाणवून घ्यायची. आघाताचे तपशीलवार वर्णन इथे मुद्दाम टाळले जाते. व्यसन आणि आघात हे दोन्ही एकाच खोलीत, एकाच वेळी, एकाच माणसापाशी. दोन दप्तरे शेवटी अशी एका दोरीत बांधली गेली.

याच सुमारास, २००१ साली, मॅक्सीन हॅरिस आणि रॉजर फॅलट यांनी एक भेद स्पष्ट केला. आघातावर खास उपचार करणे निराळे, आणि सगळी व्यवस्थाच आघाताचे भान ठेवून चालवणे निराळे. या दुसऱ्या गोष्टीलाच 'ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर' म्हणतात. तिचा संबंध मानसोपचारतज्ज्ञाइतकाच दारावरच्या माणसाशी आहे. लघवीचा नमुना घेताना कोण उभे राहते, खोलीला आतून कडी आहे का, झडती कोण घेते, रात्री व्हरांड्यात दिवा असतो का, मूल सोबत आणता येते का, आणि नाव पुकारले की दचकणाऱ्या बाईला मागून हात लावायचा नाही हे आयाबाईला सांगितले आहे का. असे उपचार एकत्र दिले तर काय होते हे पाहण्यासाठी अमेरिकेत १९९८ ते २००३ या काळात एक मोठा प्रकल्प चालला. नऊ ठिकाणे, २,७२९ स्त्रिया. यातून गेलेल्या बायकांना आखणीतही स्थान होते. सुधारणा मोठी नव्हती. पण जिथे व्यसन, मनोविकार आणि आघात या तिन्हींवरचे समुपदेशन खरोखर एकत्र मिळाले तिथे ती अधिक दिसली.

इथे विजयाची तुतारी फुंकण्याचा मोह आवरायला हवा, नाहीतर आमचाही ब्रॉयर व्हायचा. २००९ साली डेनिस हीन आणि सहकाऱ्यांनी ३५३ स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. अर्ध्या जणींना 'सीकिंग सेफ्टी', अर्ध्या जणींना स्त्रियांच्या आरोग्याविषयीचे साधे शिक्षण. आघाताची लक्षणे दोन्ही गटांत लक्षणीय कमी झाली, आणि दोहोंत म्हणावा असा फरक निघाला नाही. आम्हांला हा निष्कर्ष निराशेचा वाटत नाही. ठरल्या वेळी, ठरल्या जागी, न ओरडणाऱ्या माणसांत बसायला मिळणे हेही औषध असू शकते. उलट बाजूने, २०१२ साली ऑस्ट्रेलियात कॅथरीन मिल्स यांच्या चमूने १०३ जणांवर केलेल्या अभ्यासात, व्यसन पूर्ण सुटण्याआधीही आघाताची आठवण क्रमाक्रमाने, आधार देत सांगायला लावणाऱ्या उपचाराने लक्षणे घटली. सांगणे म्हणजे विष नव्हे. प्रश्न आहे तो कधी सांगायचे, किती, आणि थांबायचे केव्हा हे ठरवण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे याचा. बेर्टाने उपचाराचा शेवटचा दिवस स्वतः ठरवला होता. त्यापुढचे पान मात्र तिच्या हाती नव्हते.

आपल्याकडे व्यसनाच्या वाङ्मयाचा मेरुमणी 'एकच प्याला'. १९१९ साली, गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर, ते रंगभूमीवर आले. त्यात पिणारा सुधाकर आणि सोसणारी सिंधू. ही विभागणी मराठी मनात इतकी घट्ट बसली की सिंधूच्या हाती प्याला असू शकेल ही कल्पनाच आपल्याला अश्लील वाटते. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दारू पिणाऱ्या पुरुषांचे प्रमाण २७.३ टक्के, तर स्त्रियांचे १.६ टक्के आढळले. आकडा लहान, म्हणून खाटा कमी. खाटा कमी, म्हणून बाई येत नाही. ती येत नाही, म्हणून आकडा लहान. पुण्यात डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या 'मुक्तांगण'ने पुढे स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग काढला. सिंधूलाही एक दार हवे, हे तिथे मान्य झाले.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर. १८८८ साली बेर्टा आईसह फ्रांकफुर्टला गेली. इथून पुढे 'ती' लिहायला हात धजत नाही. त्यांनी अनाथ मुलींच्या आश्रमात काम सुरू केले, कथा लिहिल्या, १८९९ साली मेरी वोल्स्टनक्राफ्ट यांच्या स्त्रीहक्कांवरील ग्रंथाचा जर्मन अनुवाद प्रसिद्ध केला. १९०४ साली त्यांनी ज्यू स्त्रियांचा महासंघ उभारला. देहविक्रयासाठी मुलींना पळवणाऱ्या टोळ्यांचा माग काढत त्या गॅलिशिया, बाल्कन प्रदेश आणि कॉन्स्टँटिनोपलपर्यंत फिरल्या. १९०७ साली नॉय-इझेनबुर्ग येथे त्यांनी कुमारी मातांसाठी आणि धोक्यात सापडलेल्या मुलींसाठी घर काढले. आई आणि मूल यांची तिथे ताटातूट केली जात नसे. आपल्या व्हिएन्नातल्या आजारपणाविषयी त्या कधी बोलल्या नाहीत. आपल्या आश्रयाला आलेल्या मुलींवर मनोविश्लेषणाचे उपचार करण्यास त्यांचा ठाम विरोध असे, असे त्यांच्या चरित्रकार डोरा एडिंगर यांनी नोंदवले आहे. जिने 'बोलण्याचा उपचार' हे नाव दिले तिने मुलींना आधी छप्पर, काम आणि आपले मूल जवळ ठेवण्याची मुभा दिली.

१९३६ च्या एप्रिलमध्ये गेस्टापोने त्यांना चौकशीसाठी बोलावले. मे महिन्यात त्या कर्करोगाने गेल्या. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांच्या संस्थेची इमारत जाळण्यात आली, आणि उरलेल्या स्त्रिया आणि मुलांना १९४२ साली छळछावणीकडे नेण्यात आले. १९५४ साली पश्चिम जर्मनीने त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले, मानवतेच्या सेवकांच्या मालेत. त्यावर पूर्ण नाव आहे, बेर्टा पापेनहाइम.

यंदापासून आम्ही गोष्ट ७ जूनला संपवत नाही. फळ्यावर आणखी दोन तारखा लिहितो, १२ जुलै आणि २९ ऑक्टोबर १८८२, आणि त्यांच्याखाली १९०७.